फ्रँक शुमन

फ्रँक शुमन (२३ जानेवारी, १८६२ - २८ एप्रिल, १९१८) हे अमेरिकन संशोधक, अभियंते आणि उद्योजक होते. सूर्याच्या उष्णतेवर चालणारे सिंचन केंद्र त्यांनी १९१२-१३ मध्ये इजिप्तमधील मादी येथे उभारले. मोठ्या प्रमाणावर शेतीला पाणी पुरवण्यासाठी सौरऊर्जेचा व्यवहार्य वापर करण्याचा हा जगातील पहिला महत्त्वाचा प्रयत्न मानला जातो. तारेची जाळी बसवलेली काच आणि न विखुरणारी सुरक्षा काच यांविषयीच्या संशोधनासाठीही ते ओळखले जातात. मादी येथील केंद्र तांत्रिकदृष्ट्या यशस्वी ठरले, परंतु पहिले महायुद्ध आणि त्यानंतर स्वस्त झालेले खनिज तेल यांमुळे शुमन यांची योजना पुढे सरकू शकली नाही.

== प्रारंभिक जीवन ==

शुमन यांचा जन्म न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे औपचारिक शालेय शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे होते. पुढील सर्व ज्ञान त्यांनी वाचनातून आणि प्रत्यक्ष कामातून मिळवले. तरुणपणी त्यांनी वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील एका रंगनिर्मिती कारखान्यात रसायनज्ञ म्हणून काम केले. १८९० च्या दशकाच्या आरंभी ते फिलाडेल्फिया येथे आले. तेथे त्यांचे काका टॅकोनी आयर्न अँड मेटल वर्क्स या धातुकामाच्या कारखान्याचे प्रमुख होते. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर विल्यम पेन यांचा प्रचंड पुतळा उभारला जात होता आणि त्या मनोऱ्याच्या धातुकामाचे कंत्राट याच कारखान्याकडे होते. धातूवर विद्युतविलेपन करण्याच्या कामात शुमन यांच्या रसायनशास्त्राच्या अनुभवाचा उपयोग झाला. पुढे ते टॅकोनी या फिलाडेल्फियाच्या उपनगरातच स्थायिक झाले. घराजवळच त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली आणि त्यांचे बहुतेक संशोधन तेथेच झाले.

== काचेवरील संशोधन ==

वितळलेल्या काचेत तारेची जाळी दाबून बसवण्याच्या पद्धतीचे पेटंट शुमन यांना १८९२ मध्ये मिळाले. अशी काच फुटली तरी तिचे तुकडे जाळीला धरून राहतात. आगीच्या उष्णतेने तडे गेले तरी ती लगेच कोसळत नाही. त्यामुळे कारखान्यांची छते, जिन्यावरील झरोके आणि सार्वजनिक इमारतींची दारे यांसाठी तिला मोठी मागणी आली. पुढे त्यांनी काचेच्या दोन तावांमध्ये पारदर्शक पापुद्रा चिकटवून सुरक्षा काच बनवण्याची पद्धतही विकसित केली. मोटारगाड्यांच्या समोरच्या काचेसाठी अशा काचेचे महत्त्व पुढे सर्वमान्य झाले.

या शोधांमुळे शुमन यांना चांगले आर्थिक स्थैर्य लाभले आणि ते सौरऊर्जेच्या प्रयोगांकडे वळू शकले. काचेच्या व्यवसायातून आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडली. एखादी वस्तू प्रयोगशाळेत तयार होणे पुरेसे नसते. ती किती खर्चात तयार होते आणि बाजारात टिकते का, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा होता.

== पूर्वसूरी ==

सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालवण्याची कल्पना शुमन यांच्या आधीची आहे. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७६७ मध्ये काचेची झाकणे असलेली पेटी बनवून तीत उष्णता कोंडून दाखवली होती. फ्रान्सचे ओग्युस्तँ मूशो यांनी शंकूच्या आकाराच्या आरशाने वाफ तयार करणारे इंजिन बनवले. ते १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले होते. फ्रेंच अल्जेरियातही त्यांनी प्रयोग केले.

त्याच वर्षी मुंबईतील एक ब्रिटिश अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सौर उष्णता वापरण्याविषयी एक पुस्तक लिहिले. एका मोठ्या वक्र आरशाऐवजी अनेक लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांनी मुंबईत वाफेचा लहान पंप चालवून दाखवला होता. अमेरिकेत ऑब्रे इनिअस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्निया व ॲरिझोना येथे छत्रीसारख्या प्रचंड आरशांची इंजिने उभारली, मात्र ती महाग होती आणि वादळवाऱ्यात टिकली नाहीत.

या सर्वांचा भर शक्य तितके अधिक तापमान मिळवण्यावर होता. आरसे मोठे आणि अचूक असावे लागत, त्यामुळे त्यांचा खर्च वाढे. शुमन यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. तापमान कमी असले तरी चालेल, पण प्रत्येक अश्वशक्तीमागे येणारा खर्च कमी असला पाहिजे आणि यंत्र साध्या कारागिराला दुरुस्त करता आले पाहिजे, हे त्यांच्या रचनेचे सूत्र होते.

== टॅकोनी येथील प्रयोग ==

१८९७ मध्ये शुमन यांनी पहिले लहान सौर इंजिन चालवून दाखवले. काचेने झाकलेल्या पेटीत काळ्या रंगाच्या नळ्या होत्या आणि त्यांत पाण्याऐवजी ईथर भरलेले होते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानालाच उकळते. त्यामुळे आरशांच्या मोठ्या रचनेवाचून त्याची वाफ तयार होऊन छोटे इंजिन चालत असे.

१९०७ मध्ये त्यांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. या वेळी सुमारे १,०८० चौरस फूट क्षेत्रफळाची काचेची पेटी जमिनीवर आडवी बसवली होती आणि तिच्यावर साडेतीन अश्वशक्तीचे इंजिन चालत होते. हा प्रयोग त्यांनी लोकांसाठी खुला ठेवला आणि त्याची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. गुंतवणूकदार मिळवण्यासाठी त्यांनी सन पॉवर कंपनी स्थापन केली.

यानंतर त्यांनी ईथर सोडून पाण्याचा वापर सुरू केला. पाणी सहज मिळणारे, स्वस्त आणि निर्धोक होते, पण त्याची वाफ करण्यासाठी अधिक उष्णता लागत होती. यासाठी त्यांनी तीन बदल केले. पेट्यांच्या दोन बाजूंना साधे सपाट आरसे लावून पेटीवर पडणारे ऊन जवळपास दुप्पट केले. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पेट्यांची बांधणी सुधारली. आणि वातावरणाच्या दाबाइतक्याच दाबाच्या वाफेवर चालणारे खास इंजिन वापरले. नेहमीच्या वाफेच्या इंजिनाला अधिक दाबाची, म्हणजेच अधिक तापलेली वाफ लागते. कमी दाबाच्या इंजिनामुळे ही अट उरली नाही आणि महागड्या आरशांची गरजही संपली.

१९११ मध्ये टॅकोनी येथे उभारलेल्या केंद्रात अशा ५७२ पेट्या होत्या आणि ऊन गोळा करणारे एकूण क्षेत्र १०,००० चौरस फुटांहून अधिक होते. दर मिनिटाला सुमारे ३,००० गॅलन पाणी ३३ फूट उंचीवर चढवण्याची या केंद्राची क्षमता होती. फिलाडेल्फियाचे हवामान वर्षातील बराच काळ थंड व ढगाळ असते. या ठिकाणी केंद्राची केवळ चाचणी घ्यायची होती. प्रत्यक्ष वापरासाठी भरपूर ऊन, महाग कोळसा आणि पाण्याची सततची गरज या तिन्ही गोष्टी एकत्र असलेली जागा हवी होती.

== इजिप्तची निवड ==

या तिन्ही अटी इजिप्तमध्ये पूर्ण होत होत्या. त्या काळी इजिप्त ब्रिटिश नियंत्रणाखाली होता. तेथील अर्थव्यवस्था प्रामुख्याने कापसाच्या निर्यातीवर उभी होती. नाईल नदीच्या वार्षिक पुरावर अवलंबून असलेल्या शेतीऐवजी बारमाही सिंचनाची पद्धत वाढत होती आणि १९०२ मध्ये आस्वान येथील पहिले धरण पूर्ण झाल्यावर तिला गती मिळाली होती. परंतु कालव्यातील किंवा नदीतील पाणी शेताच्या पातळीपर्यंत उचलावे लागे. शेतकरी त्यासाठी शादूफ ही लांब दांड्याची तरफ किंवा बैलांनी फिरवायची रहाटासारखी साकिया वापरत. मोठ्या मळ्यांवर वाफेचे पंप होते, पण इजिप्तमध्ये कोळसा मिळत नसल्याने तो जहाजाने ब्रिटनमधून आणावा लागत असे. त्यामुळे जो सौर पंप पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींजवळ महाग ठरला असता, तो नाईलच्या काठी कोळशाशी स्पर्धा करू शकत होता.

अमेरिकेत पुरेसे भांडवल उभे राहत नसल्याने शुमन ब्रिटनमध्ये गेले. तेथे त्यांना गुंतवणूकदार मिळाले आणि लंडन येथे ईस्टर्न सन पॉवर कंपनी स्थापन झाली. सल्लागार अभियंते ए. एस. ई. ॲकरमन यांनी टॅकोनी येथील केंद्राची तपासणी केली आणि पुढे ते शुमन यांचे महत्त्वाचे सहकारी झाले. गुंतवणूकदारांच्या आग्रहावरून भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हर्नन बॉइज यांचाही सल्ला घेण्यात आला. पेट्यांच्या ओळींऐवजी अन्वस्ताच्या आकाराची लांब पन्हळ करावी आणि तिच्या नाभिरेषेवर बॉयलर बसवावा, अशी सूचना बॉइज यांनी केली. अशा रचनेत बॉयलरला दोन्ही बाजूंनी ऊन मिळते आणि तेवढ्याच वाफेसाठी बॉयलरची लांबी कमी लागते. शुमन यांनी ही सूचना स्वीकारली. या रचनेचे अमेरिकन पेटंट पुढे १९१७ मध्ये शुमन आणि बॉइज या दोघांच्या नावे देण्यात आले.

== मादी येथील केंद्र ==

कैरोच्या दक्षिणेस, नाईलच्या काठी वसत असलेल्या मादी या उपनगरात केंद्राची जागा निश्चित झाली. १९१२ मधील पहिल्या प्रयत्नात जस्ताचे बॉयलर वापरले होते. तेथील उन्हात जस्त इतके तापले की बॉयलर मऊ होऊन वाकले. त्यांच्या जागी बिडाचे बॉयलर बसवण्यात आले आणि काम जवळपास वर्षभर लांबले.

जुलै १९१३ मध्ये केंद्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ब्रिटिश सरकारचे इजिप्तमधील प्रतिनिधी लॉर्ड किचनर हे निमंत्रितांमध्ये होते. केंद्रात पाच पन्हळी होत्या. प्रत्येक पन्हळ सुमारे ६२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद होती. एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवले होते. पन्हळी उत्तर-दक्षिण मांडलेल्या होत्या. सकाळी त्या पूर्वेकडे कललेल्या असत आणि सूर्याबरोबर हळूहळू पश्चिमेकडे वळत. ही हालचाल तापमानावर चालणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने होत असल्याने दिवसभर कोणी हाताने आरसे फिरवण्याची गरज नव्हती. ऊन गोळा करणारे एकूण क्षेत्र १३,२६९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १,२३३ चौरस मीटर होते. गरम पाणी साठवण्यासाठी उष्णतारोधक टाकीचीही योजना होती. तिच्यामुळे सूर्य मावळल्यानंतरही इंजिन चालू ठेवता येणार होते.

ॲकरमन यांनी घेतलेल्या चाचण्यांत केंद्राची तासाभराची सर्वाधिक शक्ती ५५ अश्वशक्तीच्या वर नोंदवली गेली. त्यापूर्वीच्या सौर इंजिनांपेक्षा ती कितीतरी पटींनी अधिक होती. पन्हळी सूर्यामागे वळत असल्याने दिवसाच्या दोन्ही टोकांनाही शक्ती फारशी घटत नसे. पंप नाईलचे पाणी दर मिनिटाला सुमारे ६,००० गॅलन या वेगाने शेजारच्या कापसाच्या शेतांत सोडू शकत होता.

असे केंद्र उभारण्याचा सुरुवातीचा खर्च कोळशावरील केंद्रापेक्षा अधिक होता. मात्र त्यानंतर इंधनाचा खर्च शून्य होता, त्यामुळे कोळसा महाग असलेल्या प्रदेशात हा फरक काही वर्षांत भरून निघेल, असा शुमन यांचा हिशेब होता.

== विस्ताराच्या योजना ==

मादी येथील यशानंतर दोन वसाहतवादी सत्तांनी शुमन यांच्या कामात रस घेतला. किचनर यांनी ब्रिटिश सत्तेखालील सुदानमध्ये ३०,००० एकरांच्या कापूस मळ्यासाठी अशी यंत्रणा उभारण्याचा प्रस्ताव मांडला. जर्मनीच्या संसदेपुढे शुमन यांनी आपली योजना स्पष्ट केली आणि जर्मन नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, सौर केंद्र उभारण्यासाठी २,००,००० मार्कांची तरतूद मंजूर झाली.

शुमन यांचा आराखडा याहूनही मोठा होता. सहारा वाळवंटात २०,२५० चौरस मैल क्षेत्रावर सौर पन्हळी उभारल्यास सुमारे २७ कोटी अश्वशक्ती मिळू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक षष्ठांश भरते. १९०९ मध्ये जगात काढलेल्या एकूण कोळसा व तेलापासून मिळणाऱ्या शक्तीइतकी ही शक्ती असेल, असे त्यांचे गणित होते. जमिनीतील इंधन कधीतरी संपणार आणि तेव्हा मानवाला सूर्याकडेच वळावे लागणार, असे मत त्यांनी अनेकदा मांडले.

== पहिले महायुद्ध आणि मृत्यू ==

जुलै १९१४ च्या अखेरीस पहिले महायुद्ध सुरू झाले. मादी येथील अभियंते आपापल्या देशांच्या युद्धकार्यासाठी परतले आणि शुमनही अमेरिकेत आले. ज्या दोन सत्तांनी त्यांच्या योजनेला आश्रय देऊ केला होता, त्या आता एकमेकींविरुद्ध लढत होत्या. किचनर ब्रिटनचे युद्धमंत्री झाले आणि १९१६ मध्ये समुद्रात बुडून मरण पावले. आफ्रिकेतील वसाहती जर्मनीच्या हातून गेल्या. मादी येथील केंद्र बंद पडले आणि पुढे त्याचे धातूचे भाग काढून नेण्यात आले.

शुमन यांनी सौरऊर्जेवरील विश्वास सोडला नाही, पण काम पुन्हा सुरू करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. युद्ध संपण्यापूर्वीच, २८ एप्रिल, १९१८ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी टॅकोनी येथे त्यांचे निधन झाले.

== योजना थांबण्याची कारणे ==

शुमन यांची योजना यंत्रातील दोषामुळे थांबली नाही. तिच्यामागे तीन प्रमुख कारणे होती.

पहिले कारण युद्ध. भांडवल, अभियंते आणि धातू या तिन्ही गोष्टी युद्धाकडे वळल्या.

दुसरे कारण खनिज तेल. १९०८ मध्ये इराणमध्ये मोठा तेलसाठा सापडला होता आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने तेथील तेल कंपनीतील बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. युद्धानंतर तेल सहज वाहून नेता येणारे आणि तुलनेने स्वस्त इंधन ठरले. कोळशाच्या चढ्या किमतीवर बांधलेला शुमन यांचा हिशेब त्यामुळे कोलमडला.

तिसरे कारण योजनेच्या स्वरूपातच होते. केंद्र इजिप्तच्या भूमीवर उभे होते, पण त्याचे भांडवल, तंत्रज्ञ आणि निर्णय घेणारी कार्यालये परदेशी होती. ज्या कापसासाठी पाणी उपसले जाणार होते तो मोठ्या प्रमाणात ब्रिटनमधील गिरण्यांकडे जात असे. साध्या कारागिराला सांभाळता येईल असे यंत्र शुमन यांनी बनवले होते, परंतु ते सांभाळणारी स्थानिक संस्था उभी राहिलेली नव्हती. त्यामुळे लंडन आणि बर्लिन येथील प्राधान्यक्रम बदलताच नाईलकाठचे काम थांबले. विकसनशील देशांत सौरऊर्जेच्या प्रसाराचा विचार करताना मादी येथील अनुभव आजही महत्त्वाचा मानावा लागतो. यंत्र चालणे ही एक बाब आहे आणि ते चालवत ठेवणारी व्यवस्था त्या समाजात रुजणे ही दुसरी बाब आहे.

== वारसा ==

ॲकरमन यांनी मादी येथील केंद्राची सविस्तर तांत्रिक माहिती आपल्या लेखनातून जतन केली. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या १९१५ च्या वार्षिक अहवालात त्यांचा सौरऊर्जेवरील लेख समाविष्ट आहे. त्यानंतर सुमारे सहा दशके अन्वस्ताकार पन्हळींची मोठी केंद्रे उभी राहिली नाहीत.

१९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर या तंत्राकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९८४ ते १९९० या काळात कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात एकूण ३५४ मेगावॉट क्षमतेची नऊ केंद्रे उभारण्यात आली. त्यांतील पन्हळीही उत्तर-दक्षिण मांडलेल्या होत्या आणि सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत होत्या. मात्र पाण्याऐवजी त्यांच्या नळ्यांतून उष्णता वाहून नेणारे तेल फिरवले जात असे आणि आरशांचा दर्जा कितीतरी चांगला होता. भारतातही २०१३ मध्ये राजस्थानच्या जैसलमेर जिल्ह्यात याच तत्त्वावरील ५० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले.

इजिप्तमध्ये अन्वस्ताकार पन्हळी परत येण्यास जवळपास शंभर वर्षे लागली. मादीच्या दक्षिणेस, नाईलच्याच खोऱ्यात असलेल्या कुरैमात येथे २०११ मध्ये १४० मेगावॉटचे वीज केंद्र सुरू झाले. ते मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालते आणि त्यातील सुमारे २० मेगावॉट वाटा सौर पन्हळींचा आहे. पुढे आस्वानजवळील बेनबान येथे सुमारे दीड हजार मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान उभे राहिले. तेथे आरसे व वाफेऐवजी प्रकाशापासून थेट वीज बनवणारी सौर पटले वापरली आहेत. तंत्र वेगळे असले, तरी वाळवंटातील ऊन हे इजिप्तचे मोठे ऊर्जासाधन आहे, हा शुमन यांचा मूळ अंदाज या प्रकल्पांतून खरा ठरला आहे.